एक वस्तू कमी

काकांचा उजवा हात टेबलाखाली गेला की माझी बोटं घाई करायची. मी टाइप करत असायचे, कानाला हेडफोन, पडद्यावर एखादं वाक्य कसंबसं पूर्ण होत आलेलं. तेवढ्यात वायर उपटली जायची. कधी कीबोर्डची, कधी हेडफोनची, तर कधी अख्खा लॅपटॉपच माझ्या पुढ्यातून उचलला जायचा. मग काकांचा सपाट आवाज यायचा, "बंद पडलं. आता?"

आता काय, ते मला पाठ होतं. हात वर घ्यायचे. कीबोर्ड गेला असेल तर दुसरा लावायचा. लॅपटॉप गेला असेल तर पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्याला लावायचा. आणि सगळंच बंद पडलं तर जाड पेन्सिल घ्यायची, तिच्यावर निळी रबरी ग्रिप चढवायची आणि मोठ्या अक्षरांत जमेल तेवढं लिहायचं. हे सगळं मोठ्यानं म्हणत म्हणत करायचं. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे. याला ते 'बिघाड' म्हणत. बिघाड कधी येणार ते आधी सांगत नसत. "सांगून येतो तो पाहुणा," म्हणायचे. दुपारच्या दोन तासांत कधी तीन बिघाड व्हायचे, कधी एकही नाही. एकही न झालेल्या दिवशी मी जास्त दमायचे.

मी तेव्हा दहावीत होते, इंदिरानगरमधल्या एका शाळेत. मला बोलता यायचं, वाचलेलं कळायचं, तोंडी परीक्षेत मी कधी मागे नव्हते. पण लिहायचं म्हटलं की हाताचा दगड व्हायचा. अक्षरं रेघ सोडून वर चढायची, काने-मात्रे गळायचे, अर्ध्या पानाला तास लागायचा आणि लिहिलेलं नंतर माझं मलाच वाचता यायचं नाही. डिसग्राफिया, असं पुढे सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी कागदावर लिहून दिलं. त्याआधी सगळे त्याला आळस म्हणत होते, आणि सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणत होते. आमचा पाथर्डीकडे झेंडूचा आणि भाजीचा मळा आहे. वडिलांना तो कागद काही पटला नाही. "भेंडी तोडताना तर लय चालतो तिचा हात," ते मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना म्हणाले होते. घरात एवढंच ठरलं होतं, की दहावीला एकदा बसायचं. सुटले तर कॉलेज, नाहीतर मळा. मळ्याचा मला कंटाळा नव्हता. पण आपल्या डोक्यात काय आहे ते कुणालाच न कळता आपण म्हातारं होणार, या विचारानं माझी झोप उडायची.

काका शिक्षक नव्हते. ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासणी खात्यात होते आणि निवृत्त होऊन नाशिक रोडला राहत होते. शाळेला कुणीतरी आमच्यासारख्या मुलांसाठी सामान देणगी दिलं होतं. लॅपटॉप, अक्षरं मोठी असलेले कीबोर्ड, लिहिलेलं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, ओळीवरून फिरवला की ती ओळ बोलणारा पेन, तिरकी फळी, पेन्सिलीच्या ग्रिपा. त्या पेट्या वर्षभर बंद होत्या, कारण उघडल्या आणि काही मोडलं तर जबाबदार कोण, हे ठरत नव्हतं. मोठ्या बाईंच्या ओळखीनं काका शाळेची वायरिंग बघायला आले, पेट्या बघितल्या आणि म्हणाले, "जबाबदार मी. आणा सही करतो." तेव्हापासून जिन्याखालची खोली त्यांची झाली. पोरं त्यांना इन्स्पेक्टर काका म्हणायची. नवीन पालकांना ते पोलीस वाटायचे आणि ते उगाच नमस्कार करायचे.

खोलीत शिरायच्या आधी दारातल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये खिसे रिकामे करावे लागत. काका स्वतः घड्याळ, अंगठी, खिशातलं पेन, सगळं त्यात काढून ठेवत. आत भिंतीवर पांढरी फळी होती आणि प्रत्येक वस्तूच्या जागी तिचीच आकृती लाल रंगानं रंगवलेली. वस्तू जागेवर असली की लाल झाकलं जायचं. नसली की ते लाल लांबूनसुद्धा दिसायचं. एकूण सत्तावीस वस्तू. आत आलं की मोजायच्या, निघताना मोजायच्या, आणि मग काका रजिस्टरमध्ये लिहायचे, "सत्तावीस. पूर्ण." खाली सही. सही झाल्याशिवाय कुणी जिना चढायचं नाही. विमान दुरुस्त करणाऱ्यांची ही रीत असते, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. एक पाना आत राहिला तर वर गेल्यावर तो काय करेल सांगता येत नाही, आणि वर गेल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहता येत नाही.

"तुमच्या कारखान्यात कधी राहिला होता का पाना?" मी एकदा विचारलं.

"कधीच नाय. मोजत होतो ना."

"मग एवढी भीती कशाची?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खुळ्यासारखं काहीतरी विचारलंय. "झालं नाय म्हणूनच," ते म्हणाले. "झालं असतं तर कळलं असतं ना कसं होतं ते."

हा माणूस भित्रा होता, हे मला फार लवकर कळलं. मलाच कळणार, कारण भीती ओळखण्यात माझा हात कुणी धरला नसता. सायकलला तीन कुलपं. गॅस बंद केला का हे बघायला काकूंना फोन, तोही दोनदा. बोर्डाकडून मला लॅपटॉपवर उत्तरं टाइप करायची परवानगी आली तेव्हा त्यांनी त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या आणि तीन ठिकाणी ठेवल्या. वर, "आग लागली तर तिन्ही एका जागी नकोत," असं मला सांगून गेले. त्या रात्री मला स्वप्नात शाळा जळताना दिसली.

आणखी एक नियम होता. काही सापडेनासं झालं तर माणसाला विचारायचं नाही, जागेला विचारायचं. एकदा त्या बोलणाऱ्या पेनचं टोपण हरवलं. सगळ्यांनी एका मुलीकडे बोट दाखवलं. काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माणसाला विचारलं की माणूस घाबरतो. घाबरला की खोटं बोलतो. जागा खोटं बोलत नाय," असं म्हणून ते चवड्यावर बसले आणि फरशीवरून तळहात फिरवत निघाले. एकेक जागा झाली की मोठ्यानं म्हणायचे, "इथं नाय." तासाभरानं टोपण दाराच्या पडद्याच्या दुमडीत निघालं. त्या मुलीनं त्यांच्याकडे जसं बघितलं, तसं मी आजवर कुणाकडे बघितलेलं नाही.

फेब्रुवारीपर्यंत माझा वेग चांगला आला होता. वाक्य लिहायचं, कानात ऐकायचं, चुकलेलं कानाला टोचायचं, दुरुस्त करायचं. स्वतःचा निबंध पहिल्यांदा दुसऱ्याच्या आवाजात ऐकला तेव्हा मी रडले होते. पण जसजशी परीक्षा जवळ आली तसतशी एक गोष्ट माझ्या मनात घट्ट होत गेली. हे बंद पडणार. वर्षभर ते रोज बंद पडत होतं, मग त्या दिवशी का नाही पडणार? काकांनी मला बिघाडाची तयारी शिकवली आणि मी त्यातून फक्त बिघाड शिकले. शेवटी हातात काय उरतं, तर पेन्सिल आणि ती निळी ग्रिप. आणि ग्रिप तर परीक्षेला यायची नव्हती.

"ती कागदावर नाय," काका म्हणाले. "परवानगीत जे लिहिलंय तेवढंच आत जाईल. एक वस्तू जास्त सापडली तर सगळंच बाहेर काढतील."

"पण सगळं बंद पडलं तर?"

"दोन लॅपटॉप आहेत. पडणार नाय."

वर्षभरात ते हे पहिल्यांदाच म्हणाले होते, आणि माझा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

पहिला पेपर मराठीचा. अकराला सुरू, साडेदहाला आत, आणि केंद्र नाशिक रोडच्या बाजूला. काकांनी मला साडेआठला खोलीवर बोलावलं. वडील फाटकापाशी मोटारसायकल घेऊन थांबले. आम्ही आत गेलो, मोजलं, सत्तावीस. माझ्याबरोबर जायच्या नऊ वस्तू टेबलावर मांडल्या. मग काका परवानगीचा मूळ कागद आणायला मोठ्या बाईंकडे वर गेले.

मी एकटी होते. फळीवर ती ग्रिप होती, बोटाच्या पेराएवढी. मी ती काढली, वेणीचं टोक त्यातून ओवलं, ग्रिप वर सरकवली, टोक मानेपाशी दुमडलं आणि त्यावरून शाळेची रिबन पुन्हा बांधली. एवढं सगळं मी विचार न करता, भराभर केलं. माझी बोटं लिहिताना कधी इतकी शहाण्यासारखी वागली नव्हती.

काका आले. निघतानाचं मोजणं सुरू झालं. माझे खिसे, कंपासपेटी, दप्तर बघून झालं. टेबलावर नऊ. फळीवर अठरा असायला हव्यात, त्या सतरा. फळीच्या उजव्या कोपऱ्यात करंगळीएवढं लाल उघडं पडलं होतं.

"एक कमी शे," काका म्हणाले. ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्याशी शहरातलं बोलायचे, पण घाबरले की घरची अहिराणी तोंडात यायची.

मग ते खाली बसले आणि जागांना विचारायला लागले. टेबलाखाली, इथं नाय. कपाटामागे, इथं नाय. भरलेली बॅग त्यांनी पुन्हा रिकामी केली. फाटकावरून हॉर्न वाजला. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. त्यांनी माझा लॅपटॉप पालथा घातला आणि त्याचे स्क्रू काढायला घेतले. बंद लॅपटॉपच्या आत ग्रिप शिरणार कशी, हे त्यांनाही कळत असणार. पण बाकीच्या जागा संपल्या होत्या. त्यांच्या कपाळावरचा घाम लॅपटॉपच्या पाठीवर टपकला आणि त्यांनी तो सदऱ्याच्या बाहीनं पुसला. उघडा पडलेला माझा लॅपटॉप मी बघत होते आणि मानेवर, रिबनीखाली, ती ग्रिप मला निखाऱ्यासारखी जाणवत होती.

"काका," मी म्हणाले. मी सांगणार होते. असं मला आजही वाटतं.

"बोलू नको, मोजतोय."

आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत राहिले. ते विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मोठ्या बाई जिना उतरून आल्या. मागोमाग वडील. "चला ना सायेब, पोरगी राहील," वडील म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माझ्यासाठी कापरा झालेला मी ऐकला.

"अहो, रबराचा तुकडा तो," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यापायी तिचं वर्ष घालवता का?"

काकांनी स्क्रू लावले. बॅग भरली. मग रजिस्टर उघडून पेन हातात घेऊन नुसतेच बसून राहिले. नेहमीची सही ते एका झटक्यात करायचे. त्या दिवशी त्यांचा हात कागदावर टेकेना. लिहिता न येणारा हात कसा दिसतो ते मी तोवर बाहेरून कधी बघितलं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, "एक वस्तू कमी. तरीही सोडले." आणि सही केली.

उपनगरच्या सिग्नलला आम्ही अडकलो, पण पोचलो. दहा बत्तीसला मी वर्गात होते. पर्यवेक्षक बाईंनी बॅगेतली एकेक वस्तू कागदाशी ताडून बघितली. मग त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा हात खांद्यावर पडला. आता रिबन सुटणार, ग्रिप पडणार, मला उठवणार, वडील बाहेरच उभे आहेत. "घाबरू नको गं," त्या म्हणाल्या, "पाणी हवंय का?"

काहीही बंद पडलं नाही. तीन तास आणि वरचा जादा वेळ लॅपटॉप गुमान चालला. मी प्रत्येक ओळ लिहिली, ऐकली, आणि प्रत्येक ओळीनंतर टेबलाखालून एक हात येण्याची वाट बघितली. ग्रिपेला मी हातही लावला नाही.

बाहेर आले तर फाटकासमोरच्या रसवंतीपाशी काका उभे. मागोमाग रिक्षानं आले होते आणि तेव्हापासून तिथंच होते. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. लॅपटॉप हातात घेतला, कानाशी धरून हळूच हलवला. "आत काही वाजलं? गरम झाला?"

"नाही काका."

"नाय ना?" त्यांचे ओठ कोरडे पडले होते. वडिलांनी त्यांना रसाचा ग्लास दिला. अर्धा त्यांच्या सदऱ्यावर सांडला.

मी ग्रिप गुपचूप परत का ठेवली नाही, असं कुणीही विचारेल. ठेवणार कुठं? खोलीतली प्रत्येक जागा त्यांनी विचारून झाली होती. जिथं नाही असं त्यांनी स्वतः म्हटलं, तिथंच ती सापडली असती तर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला असता. आणि सांगावं, तर परवानगी रद्द होईल ही भीती. पेपर संपले तेव्हा निकालाची भीती. निकाल लागला, मी चांगल्या मार्कांनी सुटले, तेव्हा इतके दिवस का सांगितलं नाही याची भीती. भीतीला कारणं कमी पडत नाहीत.

प्रत्येक पेपरच्या सकाळी काका तीच ओळ लिहीत होते, "एक वस्तू कमी. तरीही सोडले." जूनमध्ये मी पेढे घेऊन गेले तेव्हा ते खोलीची किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवत होते. बाईंनी खूप समजावलं. "वस्तू कमी असताना सोडलं," ते म्हणाले. "आता माझ्या सहीवर माझाच विश्वास नाय." पेढा घेतला, माझ्या डोक्यावर, थेट वेणीवर हात ठेवला आणि गेले.

याला आता सात वर्षं झाली. मी एका वकिलांच्या ऑफिसात दिवसभर टाइप करते आणि त्याचा मला पगार मिळतो, याचं वडिलांना अजून हसू येतं. ग्रिप माझ्या कपाटात होती. मागच्या महिन्यात वडिलांच्या फुलांच्या दुकानावर मी बसले असताना काकू हार घ्यायला आल्या. मी ओळख दिली, काका कसे आहेत विचारलं.

"विसरायला लागलेत गं," काकू म्हणाल्या. "माणसं विसरतात. रोज सकाळी स्वयंपाकघरातले चमचे मोजायला बसतात. चमचे बरोबर असतात. पण म्हणतात, एक कमी शे. मग घरभर फरशीवर हात फिरवत हिंडतात. गुडघे सोलून घेतलेत पार."

हाराची पुडी बांधताना मी रविवारी येते म्हणून सांगितलं.

रविवारी त्यांच्या घरी गेले. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, वाळलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी ग्रिप त्यांच्या तळहातावर ठेवली. ती त्यांनी ओळखली. उलटी करून बघितली, आतून बोट घालून बघितलं. मी वाट बघत होते की आता विचारतील, कुणी घेतली होती. सात वर्षं मी त्याच प्रश्नाला भीत आले होते.

"कुठं होती?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वेणीत, काका. रिबनीखाली."

त्यांनी माझ्या केसांकडे बघितलं. आता वेणीही नाही, केस कापलेले. मग त्यांनी मान हलवली.

"वेणी बघायची राहिली," ते म्हणाले. "माझी चूक."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. मी का रडते ते त्यांना कळलं नाही. ग्रिप माझ्या हातात परत देऊन म्हणाले, "जागेवर लाव. लावलीस की फोन कर."

सोमवारी ऑफिसातून अर्धा दिवस काढून शाळेत गेले. खोली तिथंच आहे, आता एक तरुण बाई ती चालवतात. फळीही तिथंच आहे आणि उजव्या कोपऱ्यातलं करंगळीएवढं लाल तसंच उघडं होतं. मी ग्रिप लावली. काकांना फोन केला. काकूंनी त्यांच्या कानाला लावून दिला.

"मोज," काका म्हणाले.

मी एकेक वस्तू नाव घेऊन मोठ्यानं मोजली. कीबोर्ड, हेडफोन, तिरकी फळी. "सत्तावीस, काका. पूर्ण."

"सगळं शे?"

"सगळं आहे."

"मग सही कर."

त्या बाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून दिलं. पानाच्या तळाशी काकांची शेवटची ओळ होती. तिच्याखाली एका ओळीपुरती जागा होती. मी पेन उचललं. वकिलांकडे मी सही करत नाही, बँकेत अंगठा चालतो का विचारते, इतकी मला हातानं लिहायची धास्ती आहे. हात नेहमीसारखा दगड झाला. "सत्तावीस" लिहिताना वेलांटी हुकली, शेवटचा स रेघ सोडून वर गेला. "पूर्ण" चा रफार कुठं द्यायचा ते आठवेना. कपाळावरचा घाम पानावर पडला, मी तो ओढणीनं पुसला. मग माझं नाव, एकेक अक्षर. किती वेळ गेला माहीत नाही. काकांनी फोन ठेवला नाही.